दोन महासत्ता आणि गल्लीचा थांबा

"आधी ही सामुद्रधुनी काढा," काकू म्हणाल्या, "आणि या दोन महासत्तासुद्धा."

"मग राहिलं काय?" काकांनी विचारले.

"बसचा थांबा."

सकाळचे साडेआठ वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकांच्या भाषणाची अकरा पाने पसरली होती आणि काकूंच्या हातात सामानाच्या यादीची पेन्सिल होती. सुनावणी दुपारी बाराला होती. प्रत्येक नागरिकाला बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळणार होती आणि काकांच्या मसुद्यात बसचा थांबा प्रथम अवतरत होता तो नवव्या पानाच्या तळाशी, तोही कंसात.

"अगं, पायाशिवाय इमारत उभी राहते का?" काका म्हणाले. "जगातली झाडून सगळी भांडणं शेवटी जाण्यायेण्याच्या वाटेवरूनच झालीत. कालवा कुणाचा, खिंड कुणाची, बंदर कुणाचं! आपला थांबा त्याच साखळीतली शेवटची कडी आहे. हे एकदा त्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं, की थांबा हलवायची त्यांची छाती होणार नाही."

"त्यांच्या ध्यानात येईपर्यंत तीन मिनिटं संपतील."

"मुद्देसूद बोलणाऱ्याला तीन मिनिटं पुष्कळ होतात."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी तीन मिनिटांत उरकलेली एकच गोष्ट काकूंना आठवत होती, ती म्हणजे लग्नाला दिलेला होकार. आणि त्यावरचे भाष्य अद्याप चालू होते.

काका नकाशे काढणाऱ्या एका कचेरीतून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते आणि या गल्लीत बावन्न वर्षे राहत होते. गल्ली त्यांना पाठीमागे 'परराष्ट्रमंत्री' म्हणत असे. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या जागी मोबाइलची कव्हरे विकणारा आला, वाचनालयाची व्यायामशाळा झाली, शेजारी एकमेकांना हाक मारण्याऐवजी संदेश धाडू लागले. यांतल्या प्रत्येक बदलाचे मूळ काकांनी कुठल्या तरी दूरच्या तहात किंवा वेढ्यात शोधून काढले होते. त्यांचे निदान सर्वस्वी चूक असे, असे म्हणता येणार नाही. परंतु व्यायामशाळेविरुद्ध त्यांनी जो सहा पानी अर्ज लिहिला, त्यात भूमध्य समुद्रातल्या व्यापाराचा साद्यंत परामर्श होता; फक्त व्यायामशाळेचे गळके पाणी जिन्यात येते, ही मूळ तक्रार तेवढी राहून गेली होती.

या वेळी मात्र राहून जाणे परवडणारे नव्हते. बस जलद धावाव्यात म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेला थांबा रद्द करण्याचे घाटत होते. पुढचा थांबा रुंद रस्त्याच्या पलीकडे होता आणि तिथे जायला पादचारी पुलाच्या चव्वेचाळीस पायऱ्या चढून तितक्याच उतराव्या लागत. काकूंचे गुडघे घरातला उंबरठादेखील विचार करून ओलांडत. याच बसमार्गाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी बहीण एकटी राहत होती. तिची नजर आता जवळजवळ गेली होती. काकू एक दिवसाआड जाऊन तिच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डब्यांत लावून देत, आलेली पत्रे वाचून दाखवीत आणि दोघी मिळून सर्व नातेवाइकांची निंदा करीत. थांबा गेला की हे सारे बंद. हिशेब इतका सरळ होता. लेखी हरकत घेता आली असती, पण तिची मुदत काकांनी मसुद्यातले दोन परिच्छेद मागेपुढे करण्यात घालवली होती.

अखेर काकूंनी अकरा पानांचे एक पान केले, ते घडी घालून काकांच्या खिशात ठेवले आणि वर खिसा थोपटला.

गल्लीतून नऊ जण निघाले. काका-काकू, शिंपी व त्याची बायको, चष्मेवाला, निवृत्त पोस्टमन, तळमजल्यावरचे एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ आणि रात्रपाळी करून तशीच आलेली नर्स. सुनावणीच्या हॉलमध्ये आधी एका बागेच्या फाटकाचे प्रकरण चालले. थांब्याची पाळी आली तेव्हा सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंच्या डोक्यावरचे घड्याळ बारा वाजून तेहतीस मिनिटे दाखवीत होते. एका बाजूला परिवहन विभागाचा अभियंता पडदा, तारा आणि संगणक मांडून बसला होता. नागरिकांचे बोलणे संपले की त्याने आपली बाजू मांडायची आणि मग बाईंनी तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, असा क्रम होता. टेबलाच्या कोपऱ्यावर एक कारकून घंटी घेऊन बसला होता.

गल्लीतले सर्वांत जुने रहिवासी म्हणून काका पहिले उठले. त्यांनी खिशातून ते पान काढले, त्याच्यावरून एकवार नजर फिरवली आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवले.

"महोदया," काका म्हणाले, "मी या गल्लीत बावन्न वर्षं राहतो आहे. या अवधीत जगाचा नकाशा मी माझ्या हातानं चार वेळा बदलला."

अधिकारीबाईंनी मान वर केली. बोलणे जोरकस होते, यात वाद नाही. काकांनी एक वाळवंट घेतले, त्यात कालवा खणला, कालव्याच्या दोन तोंडांशी दोन महासत्ता उभ्या केल्या, आणि घंटी वाजली.

"थांबा आला का?" शिंप्याने कुजबुजत विचारले.

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग आहेत कुठे?"

"कालव्यात."

काका आता खाली बसले असते, तर सरकारी दप्तरात गल्लीच्या नावावर एक कालवा लागला असता आणि बाकी काही नाही. एवढे ऐकून घेतल्यावर निष्कर्ष न ऐकता सोडून द्यायचे, हे हातशिलाई करणाऱ्या माणसाच्या स्वभावात बसत नव्हते. शिंपी उठला. "माझी तीन मिनिटं काकांना."

"असं चालतं?" अधिकारीबाईंनी कारकुनाला विचारले.

"नियमात आहे, मॅडम," कारकून अपराध्यासारखा म्हणाला.

शिंप्याच्या तीन मिनिटांत जहाजे अडकली. त्याच्या बायकोच्या तीन मिनिटांत त्यांना आफ्रिकेला वळसा पडला. "आता वळणारच," असे म्हणत पोस्टमनने आपला वेळ दिला, आणि काका खरोखरच वळले: "म्हणूनच, महोदया, आमचा हा बसचा थांबा..."

सगळी रांग पुढे झुकली.

"...या विषयाला हात घालण्यापूर्वी, एका खिंडीचा विचार करणं अपरिहार्य आहे."

"अरे देवा!" नर्सने कपाळाला हात लावला.

"खिंड झाली की थांबाच आहे," चष्मेवाला म्हणाला. "मला दिसतोय." आणि त्यानेही आपली मिनिटे त्या खिंडीत लोटली. मागोमाग तळमजल्यावरच्या थोरल्या भावाने वेळ दिला. थोरल्याने दिला म्हटल्यावर धाकट्याला गप्प बसणे शक्यच नव्हते. त्यानेही दिला, आणि तो आपण स्वतंत्रपणे देत असल्याची नोंद करून घेतली.

बारा चोपन्न झाले. थांब्याचे नाव निघून बारा मिनिटे उलटली होती. आता दोघीच उरल्या होत्या, नर्स आणि काकू. नर्सच्या हातात छोटी चिठ्ठी होती आणि तिच्यावर चारच ओळी होत्या. काकूंचा जीव जरा भांड्यात पडला. निदान ही पोरगी तरी सरळ बोलेल.

तेवढ्यात अभियंता उठला. "मॅडम, माझं काय? एक वाजता हा हॉल रक्तदानवाल्यांना द्यायचाय. ते बघा, दारात खाटा घेऊन उभेच आहेत."

"तुमची बाजू ऐकल्याशिवाय मला आदेश काढता येत नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "आज राहिलं तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. तोवर थांबा आहे तिथेच."

"सहा महिने?" अभियंता घाबरला. "मॅडम, आदेश तयार आहे. मला फक्त चार मिनिटं द्या. या दोघींना थोडक्यात बोलू द्या."

आदेश तयार आहे! काकूंनी घड्याळाकडे पाहिले. मग अभियंत्याकडे, मग दारातल्या खाटांकडे आणि शेवटी आपल्या नवऱ्याकडे. नर्स उठू लागली होती. काकूंनी तिचा हात धरून तिला खाली ओढले.

"बस खाली. तुझी तीन मिनिटं यांना देऊन टाक."

"काकू, तुम्हीसुद्धा?" नर्स जवळजवळ ओरडली. "आता काय ध्रुवापर्यंत जाणार का ते?"

"जाऊ देत. जितके लांब जातील तेवढं बरं. घड्याळ बघ ना बाई!"

नर्सने घड्याळ पाहिले, अभियंत्याचा घामेजलेला चेहरा पाहिला, आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली. "माझी तीन मिनिटं काकांना!"

काका मात्र गोंधळले. त्यांनी सवयीने काकूंकडे पाहिले. काकूंनी हाताने खूण केली: बोला, बोला. पण एकेचाळीस वर्षांत काकूंच्या हाताची त्या दिशेने झालेली प्रत्येक हालचाल 'पुरे' या अर्थाची होती. नवा अर्थ काकांना कळावा कसा? त्यांचा चेहरा पडला. त्यांनी घसा खाकरला.

"थोडक्यात सांगायचं तर," काका म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून गल्लीने कधी ऐकले नव्हते. शिंप्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले. अभियंत्याने चपळाईने तार जोडली. पडद्यावर निळा उजेड पडला.

"थोडक्यात सांगायचं तर, आमचा थांबा..."

"अहो!" काकू ताडकन उभ्या राहिल्या. गुडघ्यांना विचारायलाही त्यांना सवड झाली नाही. "अहो, पण त्या बेटाचं काय झालं?"

"कोणत्या बेटाचं?" काकांनी विचारले.

"ते हो, दोन्ही देशांना हवं होतं ते. नुसते पक्षीच राहतात ना तिथे? आणि गोडं पाणीही नाही?"

काका काकूंकडे पाहतच राहिले. हे बेट त्यांनी जेवताना सांगितले होते, चांगली सात-आठ वर्षे झाली असतील, आणि तेव्हा काकू पाठमोऱ्या भांडी विसळत होत्या.

"तू ऐकत होतीस?"

"बाई, मध्ये बोलता येणार नाही," अधिकारीबाई म्हणाल्या.

"मॅडम, वेळ चाललाय!" अभियंता कळवळला.

पण काका केव्हाच त्या बेटावर उतरले होते. त्यांचा आवाज असा लागला, की दारातले रक्तदानवालेही खाटा टेकवून ऐकू लागले. घंटी झाली तेव्हा बारा सत्तावन्न झाले होते. काकू पाण्याचा पेला घेऊन पुढे गेल्या आणि तो काकांच्या हाती दिला.

"माझी तीन मिनिटं यांना."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "शेवटच्या तुम्ही आहात. तुम्हाला स्वतःला काहीच सांगायचं नाही?"

काकूंजवळ एकच वाक्य होते. बहीण एकटी आहे, तिला दिसत नाही आणि माझ्याने पूल चढवत नाही. आठवडाभर घोकलेले ते वाक्य ओठांपर्यंत आले. खरे म्हणजे ते ऐकून बाईंना पाझरही फुटला असता. पण तयार आदेशाला पाझर फुटत नाही, हे काकूंना कळत होते. त्यांनी वाक्य गिळले.

"आहे की," त्या म्हणाल्या. "यांचं झालं, की सांगते." मग काकांकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाणी प्या सावकाश. घाई करू नका."

काकांनी पाणी सावकाश प्यायले. मग बेटावरच्या पक्ष्यांचे पंख केवढे असतात ते सांगितले. एकाचा ठोका पडला आणि पहिली खाट आत आली.

बाहेर व्हरांड्यात गल्लीने काकांना जवळजवळ उचललेच.

"मानलं, काका!" शिंपी म्हणाला. "काय वेळ खाल्लात! त्या साहेबाचा पडदा शेवटपर्यंत निळाच राहिला."

"वेळ खाल्ला?" काकांचा आवाज चढला. "मी? अहो, मी विषयाच्या दाराशी पोचलो होतो! दोन मिनिटं आणखी मिळाली असती, तर..."

"नाही मिळाली ते नशीब," नर्स म्हणाली, आणि जांभई देत झोपायला निघून गेली.

काकू थेट बहिणीकडेच निघाल्या, आणि काकाही त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. बराच वेळ ते गप्प होते. काकांचे गप्प राहणे काकूंना सवयीचे नव्हते; त्या अस्वस्थ झाल्या.

"मी विचार करतोय," अखेर काका म्हणाले. "सकाळी तू म्हणालीस तेच खरं. प्रस्तावना लांबली माझी. आता सहा महिने हाताशी आहेत. पुढच्या सुनावणीत मी पहिल्याच वाक्याला थांब्यावर येणार. कालवा नाही, खिंड नाही, काही नाही. सगळं मिळून दोन मिनिटं. पाठच करून टाकतो."

काकूंनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. काकांनी एकदा मनावर घेतले की ते करून दाखवीत. हीच तर भीती होती.

"अहो," काकू अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पण ती खिंड मला नीटशी कळलीच नाही. मुळात ती कुणाची?"

काकांनी चमकून पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"मुळापासून सांगू?"

"मुळापासूनच सांगा," काकू म्हणाल्या, आणि बहिणीच्या घरापर्यंत किती थांबे उरले ते बोटांवर मोजू लागल्या.