उपाशी दाखवलेली गाडी

सुदर्शनला एक खोड होती आणि ती काही केल्या जात नव्हती. स्वतःच्या वस्तूला स्वतःच नावं ठेवायची. कोणी म्हणालं शर्ट छान आहे, की हा म्हणणार, "कुठलं, कॉलर विरलीय." पाहुण्यांनी भाताची तारीफ केली, की बायको समोर उभी असताना म्हणणार, "जरा गिचका झालाय, नाही?" मागे स्कूटर विकायला काढली तेव्हा तिचे इतके दोष सांगितले, की गिऱ्हाइकाला त्याचीच दया आली. "भाऊ, जपून चालवत जा," असं सांगून ते रिकाम्या हातानं निघून गेलं.

असला मुलगा आपल्याच पोटी कसा निपजला, हे कोडं पारूबाईंना बत्तीस वर्षं सुटलं नव्हतं. पारूबाई शाळेतून दुसरीतच घरी आल्या होत्या, पण साखरशेत गावात त्यांच्यासमोर तोंड उघडण्याआधी पदवीधर माणसंही घसा खाकरून घेत. त्यांची म्हैस गावात सगळ्यात जास्त दूध देई. खरंच देई की नाही हे तपासायला गोठ्यात शिरण्याची छाती कोणाची नव्हती, एवढंच.

आता विकायची होती विजेवर चालणारी मोटारगाडी. जव्हारच्या कचेरीत कारकून असलेल्या सुदर्शननं चार वर्षांपूर्वी ती हप्त्यांवर घेतली, हप्ते फिटले, आणि सुनेचा, हर्षालीचा, बेत पक्का झाला. हर्षाली नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं करी आणि ती आता जव्हारच्या दुकानदारांना पुरत नव्हती. बाजाराजवळ एक गाळा मिळत होता. गाळ्याची अनामत आणि मोठी भट्टी मिळून पाच लाख लागणार होते. गाळेवाला शनिवारपर्यंतच थांबणार होता. आज शुक्रवार होता.

"पाच लाख. एक पैसा खाली नाय," पारूबाईंनी सांगून टाकलं होतं.

"आई, जुनी गाडी आहे. नाशिकचा एजंट पावणेचार म्हणतोय. मी जवळजवळ हो म्हटलंय."

"जवळजवळ ना? मंग जवळजवळ नाय म्हण."

दहा वाजता मोखाड्याहून गिऱ्हाईक आलं. निवृत्त शिक्षक रोहिदास गुरुजी, त्यांच्या पत्नी जयवंतीबाई आणि गुरुजींचा भाचा कमलेश. कमलेश ठाण्याला गॅरेजमध्ये तीन वर्षं राहून आला होता, त्यामुळे त्याला गाड्यांतलं सगळं कळे आणि मराठीतलं निम्मं विसरायला झालं होतं. जयवंतीबाई काहीच बोलत नव्हत्या. त्या फक्त अंगणभर बघत होत्या.

हर्षालीनं चहा ठेवला. सुदर्शन गाडी पुढं आणायला पडवीत गेला आणि तिथूनच ओरडला, "आई! चार्जिंगची वायर कोणी काढली?"

"मी."

"अगं, गाडीत अठ्ठावीस टक्के आहे! का काढलीस?"

"आज विकायची हाय ना तिला?" पारूबाई पडवीत येऊन म्हणाल्या. "मंग? विकायच्या दिवशी जनावर पोट फुगवून दाखवतात काय? बाजारातले लबाड बैलाला मीठ चारून पाणी पाजतात. पोट टरटरीत दिसतं, गिऱ्हाईक घरी नेतं आणि दुसऱ्या दिवशी बरगड्या मोजत बसतं. माझ्या बानं कधी बैल चारून बाजारात नेला नाय. उपाशीपोटी चढ चढतो तो बैल खरा."

"आई, हा बैल नाही!"

"म्हनून तर अजून शिंग मारलं नाय तुला."

सुदर्शननं घाईघाईनं वायर पुन्हा जोडली. गाडीवरचा दिवा काही लागला नाही. स्वयंपाकघरातून हर्षाली म्हणाली, "अहो, वीज गेली. तारांचं काम हाय म्हनं, संध्याकाळी येल."

सुदर्शन अंगणात परतला तेव्हा त्याचा चेहरा गिचक्या भातासारखा झाला होता. चहाचा घोट घेऊन गुरुजी म्हणाले, "आमची एकच अडचण आहे बघा. हिचं माहेर सूर्यमाळचं. आठवड्यातून एकदा तरी जाणं होतं. गाडी तो चढ चढेल ना?"

"इलेक्ट्रिक है मामा," कमलेश म्हणाला. "प्लेन रोडला ठीक. घाट में बैठ जाती है."

"खरं सांगायचं तर गुरुजी," सुदर्शन सुरू झाला, "आज गाडीत चार्जिंगही कमीच आहे, पुन्हा कधीतरी..."

"पुन्हा कशाला?" पारूबाईंनी त्याला मधेच तोडलं. "आत्ता जाऊ. सूर्यमाळ करून तुम्हाला मोखाड्याला दारात सोडतो. आणि रिकामी गाडी कोण पन चढवंल. हर्षाली, नागलीची दोन पोती टाक डिक्कीत."

पोती चढली. सगळे बसायला निघाले तशी पारूबाईंनी हात आडवा घातला. "चपला भायेर."

चार वर्षांत त्या गाडीत चपलेसह कोणी बसलं नव्हतं. पारूबाई दारात पिशवी धरून उभ्या राहत आणि गावच्या सरपंचांच्या वहाणाही त्या पिशवीतून गेल्या होत्या. गाडी धुवायला उन्हाळ्यात पाणी नसे, तेव्हा अर्ध्या तांब्यात फडकं भिजवून त्या ती रोज पुसत. गुरुजी निमूट अनवाणी झाले. कमलेशनं पांढरे बूट काढले, तर डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"गाडीची तपासनी कर बाबा तू," त्या अंगठ्याकडे बघत पारूबाई म्हणाल्या.

गाडी निघाली. पुढे सुदर्शन आणि गुरुजी, मागे दोघी बायका आणि मधोमध पोटाशी गुडघे घेतलेला कमलेश. आवाज नाही, धूर नाही. पहिली पाच मिनिटं फार चांगली गेली, कारण सुदर्शन गप्प होता. मग त्याला राहवेना.

"गुरुजी, मागचं डावं दार खडखडतं हं."

गुरुजींनी खिशातून डायरी काढली. जन्मभर मुलांच्या चुका लिहिलेला हात. त्यांनी 'एक' लिहून पुढे दार मांडलं.

"हॉर्न जरा घोगरा आहे. वायपर किरकिरतो. बंपरला बकरीनं शिंग घासलंय. गाणी एकाच बाजूनं ऐकू येतात. एसीला थंड व्हायला वेळ लागतो. आणि या कव्हरखाली सीटवर चहाचा डाग आहे, तुम्हाला दिसणार नाही, पण आहे."

सात. प्रत्येक दोषासरशी पारूबाईंना हर्षालीच्या भट्टीची एकेक वीट निखळताना दिसत होती. मागून त्यांनी पोराच्या सीटला गुडघा लावला. त्याला वाटलं, रस्ता खराब आहे.

"सीटची स्प्रिंगही..." तो म्हणाला.

"स्प्रिंग नाय, आयशीचा गुडघा हाय तो!"

मोखाड्याच्या अलीकडे चार्जिंगचा आकडा सतरावर आला. सूर्यमाळचा चढ सुरू झाला आणि आकडा विहिरीत दोर सोडल्यासारखा उतरू लागला. चौदा. बारा. सुदर्शनच्या कानामागून घाम ओघळला. दहा. कमलेशनं पुढे मान घातली.

"मामा, चार लाख के ऊपर मत जाना. लिख के देता हूँ, हे उपर पोचणार नाय."

"मलाही चारच्या वर जड वाटतंय, सुदर्शन," गुरुजी डायरीकडे बघत म्हणाले.

शेवटच्या मोठ्या वळणावर आकडा सात झाला, गाडी मंदावली आणि समोरच्या पडद्यावर एक लहानसं पिवळं कासव उमटलं.

"देखो, देखो!" कमलेश आनंदानं उसळला आणि त्याचं डोकं छताला लागलं. "गाडी खुद बोलते, मैं कछुआ हूँ!"

"मी दुसरीपर्यंतच शिकल्ये," पारूबाई म्हणाल्या, "पन कासव पोचलं, इथवर माझं शिक्षान झालंय."

आणि कासव पोचलं. दोन पोती, पाच माणसं आणि सात दोष घेऊन गाडी सूर्यमाळच्या पहिल्या पाड्यापाशी माळावर उभी राहिली. आकडा सहा.

"पोचली, पण आता इथंच राहणार," गुरुजी खाली उतरत म्हणाले. "इथं कुठं चार्जिंग? सुदर्शन, हे असं अर्धपोटी..."

"गुरुजी, चूक झाली," सुदर्शननं हात जोडले. "आईनं रात्रीच वायर काढली. म्हणाली, विकायचं जनावर उपाशी दाखवायचं असतं. मी तरी काय करू?"

गुरुजींना हसू फुटलं. कमलेशनं तर मांडीवर थाप मारली. हसल्या नाहीत त्या जयवंतीबाई. सकाळपासून पहिल्यांदाच त्या पारूबाईंकडे वळल्या.

"उपाशी दाखवली?"

"दाखवली."

"आणि पोती भरून चढवली?"

"रिकामं तर वासरू पन चढतं, बाय."

जयवंतीबाईंनी मान हलवली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. "चला. उभं काय रायलात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

उतार लागला. सुदर्शननं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून घेतला. पहिल्या वळणाला आकडा सहाच होता. दुसऱ्याला सात झाला. कमलेशनं डोळे चोळले. कासव नाहीसं झालं. आठ. पायथ्याला नऊ.

"मीटर खराब है," कमलेश पुटपुटला.

"नाही, उतारावर बॅटरी आपोआप थोडी भरते," सुदर्शन म्हणाला.

"रवंथ करते ती," पारूबाई म्हणाल्या. "चढताना खाल्लेलं उतारावर चावते. तुझी पेट्रोलवाली करते काय?"

मोखाड्यात गुरुजींच्या अंगणात गाडी सहा टक्क्यांवर पोचली. पण कमलेश हार मानणाऱ्यांतला नव्हता. त्यानं खिशातून आगपेटीएवढं एक यंत्र काढलं, स्टिअरिंगखाली खुपसलं आणि मोबाइल समोर धरला. "आता बॅटरीची खरी तब्येत कळंल. चार साल की गाडी. पंच्याऐंशी टक्के निघाली तरी खूप."

मोबाइलवर आकडा आला. त्यानं यंत्र काढून फुंकलं, पुन्हा खुपसलं. तोच आकडा.

"किती?" गुरुजींनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

सुदर्शनला मात्र ही बातमी ऐकून दुसरंच आठवलं. "हो गुरुजी, अजून एक राहिलंच सांगायचं. ही गाडी गेली चार वर्षं घरी कधी पूर्ण चार्जच झालेली नाही. ऐंशीला पोचली की आई वायर काढते. पोटाला तडस लागेल म्हणते. मी भांडून थकलो."

गुरुजींनी डायरीत 'आठ' लिहिलं.

"मामा, ते काटो," कमलेश हळू आवाजात म्हणाला. "कंपनीच्या पुस्तकात हेच लिवलेलं असतं, ऐंशीवर थांबवा, बॅटरी टिकते. पन असं कोनी करत नाय. आमच्या गॅरेजमधी आलेल्या एका पन मालकानं केलं नाय."

गुरुजींनी 'आठ' खोडलं. पारूबाईंनी पदर नीट केला. न बोलण्याची वेळ त्यांना चांगली कळे.

"बरं, मग भावाचं बोलू," गुरुजी म्हणाले.

"तोंडानं नको. जनावरासमोर भाव उच्चारत नाय," पारूबाईंनी पदर पसरून खाली हात धरला. बैलबाजारात भाव असाच ठरे. कपड्याखाली हात, बोटं दाबायची, पेरं मोजायची, बघणाऱ्याला पत्ता नाही. गुरुजींनी तो हात बघितला, बायकोला बघितलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले.

"सरका," जयवंतीबाई म्हणाल्या. "माझा बा बैलांचा दलाल व्हता. लहानपनी त्याच्या मांडीवर बसून मी बोटं शिकले."

त्यांनी पदराखाली हात घातला. दोघींची तोंडं दगडाची, फक्त पदर हलत होता. एकदा पारूबाईंची भुवई चढली. एकदा जयवंतीबाईंनी हात अर्धा बाहेर ओढला आणि पुन्हा आत घातला.

"क्या चल रहा है?" कमलेश कुजबुजला.

"गप," गुरुजी म्हणाले. "मलाही कळत नाहीये."

सुदर्शननं डोळे मिटून घेतले होते. पावणेचार, तो मनात म्हणत होता, पावणेचार तरी येऊ देत.

पदर एकदम स्थिर झाला. दोघींनी हात सोडले. जयवंतीबाई नवऱ्याच्या कानाशी गेल्या आणि गुरुजींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला.

"एवढे?"

"तुमच्या डायरीत किती दोष हायेत?"

"सात."

"सकाळपासून तुमचा भाचा आठवा शोधतोय. गावला का? ज्याचा मालक सात दोष आपल्या तोंडानं सांगतो आणि ज्याची मालकीन उपाशी दाखवते, तसं जनावर माझ्या बाला जन्मात एकदा मिळालं. बँक बंद व्हायच्या आत जा."

अर्ध्या तासानं सुदर्शन बँकेतून परतला तो पैसे जमा झाल्याचा संदेश आलेला मोबाइल छातीशी धरून. कागदांवर सह्या झाल्या, चपलांची पिशवी रिकामी झाली. पारूबाईंनी गाडीच्या बोनेटवरून एकदा पदर फिरवला, तिला हळद-कुंकू लावलं आणि किल्ली जयवंतीबाईंच्या हातात दिली. गुरुजींनी घेण्यासाठी हात पुढे केला होता, पण तिकडे कोणी पाहिलं नाही.

मोखाड्याच्या नाक्यावर आल्यावर मायलेकांच्या लक्षात आलं, की घरी जायला गाडी नाही. नागलीची दोन पोती मात्र आहेत. प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पोती टपावर आणि पारूबाई पुढच्या सीटवर बसल्या. मागून सुदर्शननं हर्षालीला फोन लावला. पाच लाख अकरा हजार हा आकडा त्यानं तीनदा सांगितला आणि पलीकडून तीनदा किंकाळी आली.

शेजारी बसलेल्या जामसरच्या माणसानं विचारलं, "काय साहेब, लॉटरी लागली का?"

"नाही हो, गाडी विकली," सुदर्शन म्हणाला. "तशी जुनीच होती म्हणा. डावं दार खडखडायचं. नशीब म्हणून..."

पारूबाईंनी पुढच्या सीटवरून मान मागे वळवली. जीपमधली अकराच्या अकरा माणसं सावरून बसली.

"सुद्या, उद्या मी तुला विकायला काढला ना, तर तू गिऱ्हाइकाला आधीच सांगशील, केस गळलेत, कान हलका हाय, आयशीला भितो. सांग! सगळं सांग, तुझ्या खऱ्या बोलन्यानं आज भाव चढला. पन किंमत विचारली की तोंड मीट आणि माझ्याकडं बोट दाखव. मी सांगन ती किंमत ऐकून अख्ख्या पालघर जिल्ह्यात तुला गिऱ्हाईक मिळायचं नाय!"