चिटणिसांच्या नावाची फाईल

जुन्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन गेल्याचा त्यांच्या बायकोचा फोन आला, तेव्हा चिटणीस दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मूलबाळ नाही, नातेवाईक दूर, आणि माणूस इतका अबोल की शेजारच्या टेबलावर जन्म काढलेल्यालाही त्याचा आवाज आठवू नये. "भाऊजी, दुपारी नेणार आहेत. कुणी येईल का हो?" वहिनींनी विचारलं. "माणसं आणायचं माझ्याकडे लागलं," चिटणीस बोलून बसले.

ते ज्याचे चिटणीस होते, त्या निवृत्त कर्मचारी संघात शोकसंदेशाची सोय होती. संगणक विभागातल्या एका सभासदाने, ज्यांना सगळे संगणकवाले म्हणत, एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. तो चालवला की सर्वांच्या फोनवर निरोप जाई. गेलेल्याचं नाव मात्र आधी त्या प्रोग्रामच्या फाईलीत शिरून बदलावं लागे आणि ते काम संगणकवालेच करत. ते आता मुलीकडे राहायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. चिटणिसांनी उभी हयात फायली उघडण्यात घालवली होती. फाईल कशी उघडावी हे कुणाला विचारणं तसंही त्यांना कमीपणाचं वाटलं असतं.

त्यांनी फाईलीवर दोनदा टिचकी मारली. एक काळी चौकट आली आणि लगेच मिटली. आत काय लिहिलंय ते दिसलंच नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मारली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जरा जोर लावला, कारण ऑफिसातलं अडलेलं कपाट असंच उघडायचं.

थोड्या वेळाने बायको फोन हातात धरून बाहेर आली.

"अहो, फोरमनची बायको आहे. तुम्ही गेलात म्हणून रडतेय. काय सांगू?"

"सांग, दाढी करतायत."

पाठोपाठ संगणकवाल्यांचा फोन आला, तोही सांत्वनाचा. चिटणिसांचा आवाज ऐकून ते दचकले, मग झालेलं ऐकून समजावू लागले. त्या फाईलीवर टिचकी मारली की ती उघडत नाही, चालते. वाचायची असेल तर उजवं बटण दाबून साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडायची.

"पण आत माझं नाव कसं?"

"चाचणीला एक नाव लागतं, दर वेळी काम झालं की तेच परत घालून ठेवतो. वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही, असं घातलं."

"सगळ्यांचा बसलाय," चिटणीस म्हणाले.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. फोरमन हार घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागे जिना खालपर्यंत भरला होता. गालावर साबण वाळलेले चिटणीस बघून फोरमनच्या हातातला हार खाली आला. ते गंभीरपणे म्हणाले की निरोप तीनदा आला तेव्हाच खात्री पटली, सभेची आठवणही चिटणीस तीनदाच करतात. काहींना हायसं वाटलं. एकजण दाताच्या डॉक्टरांची वेळ बुडवून आला होता, त्याचा चेहरा मात्र पडला, आणि ते चिटणिसांना लागलं.

पण शब्द दिला होता. त्यांनी उंबऱ्यातूनच खरी बातमी सांगितली. "ड्राफ्ट्समन म्हणजे ते खिडकीपाशी बसायचे ते?" कुणीतरी विचारलं. चिटणिसांनी तोंड धुतलं, चपला घातल्या आणि पुढे झाले. हारासकट सगळे त्यांच्यामागून निघाले.

गल्ली माणसांनी भरलेली बघून वहिनी दारातच थबकल्या.

"एवढी माणसं? सगळी ह्यांच्यासाठी?"

फोरमन आपल्या पायांकडे बघू लागले. चिटणिसांनी नोकरीत कधी खोट्या कागदावर सही केली नव्हती.

"सगळी ह्यांच्यासाठीच, वहिनी," ते म्हणाले.

संध्याकाळी संगणकवाल्यांनी फोनवरून सांगितलं तसं त्यांनी उजवं बटण दाबलं. फाईल निमूट उघडली. अनोळखी खुणांच्या गर्दीत त्यांचं नाव एकटंच वाचता येत होतं.

"दिसलं? आता खोडा ते," संगणकवाले म्हणाले.

चिटणिसांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "संघात अबोल माणसं अजून बरीच आहेत."