हिरवं वाटते का?

डोमाजीभाऊ कुणाला नमस्कार करत नाहीत. ते समोरच्याचा हात धरतात, पालथा करतात, त्यावर अत्तराची काडी फिरवतात आणि तोंडाकडे बघत उभे राहतात. तुम्ही हुंगेपर्यंत हात काही सुटत नाही. हुंगलं की प्रश्न ठरलेला, "हिरवं वाटते का?"

"छान आहे" म्हणून सुटका होत नाही. "छान हाय का थे नाई पुसलं बाई मी. हिरवं वाटते का, तेवढं सांगा."

आरमोरीच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पावडर आणि सेंटच्या बाटल्या. त्यामुळे या माणसाचा जाच सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला. बाजाराच्या दिवशी शटर अर्धं वर जात नाही तोच भाऊ खालून वाकून आत. मग एकेक बाटली उघडायची, हुंगायची आणि निकाल द्यायचा. "हे साबन हाय." "हा मोगरा हाय, पन उन्हात वाळलेला." एकदा नागपूरचा सेल्समन हिरव्या पानांचं चित्र असलेली बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा एकदम स्प्रिंगचा वास आहे." भाऊंनी हुंगली. "डब्बा हिरवा हाय रे बाबू. आत गुलाबच हाय."

"मग तुम्हाला हिरवं म्हणजे नेमकं पाहिजे तरी काय?" मी वैतागून विचारलं.

"चैतात कुड्याची फुलं तोडली का हाताले लागते ना, थो वास. फूल बी पाहिजे, देठ बी पाहिजे."

कुडा इकडे कुणाला सांगायला नको. पांढऱ्या फुलांचे घोस येतात, बाया त्यांची भाजी करतात. पण भाजीचं अत्तर मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

भाऊंची सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत गेली. डोळे मिटून, नुसतं हुंगून, साग आहे की बिजा ते सांगायचे. बायको कधीच वारली. पेन्शन झाल्यावर घरात उरले ते आणि त्यांची अत्तराची लाकडी पेटी. तेव्हापासून पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी भाऊ हजर. पत्रिका नाही, आमंत्रण नाही. "लग्नाले जायाले बलावनं लागते का?" वऱ्हाडातल्या प्रत्येकाला अत्तर लावायचं, हिरवं वाटते का विचारायचं आणि पंगत बसायच्या आत चालू पडायचं. घास खात नसत. लोक हसायचे, मीही हसायची.

मग तो प्रसंग घडला. भाऊंना कुणीतरी सांगितलं, सेंट स्पिरिटमध्ये बनते. स्पिरिट आणायचं कुठून? आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळते, फक्त कुठून ते विचारायचं नाही. भाऊंनी मोहाची आणली, तिच्यात कुड्याची फुलं भिजत घातली आणि तीन आठवड्यांनी ती बाटली घेऊन माझ्याच गल्लीतल्या लग्नात उभे राहिले. वरातीची घाई, म्हणून हुंगायला कुणाला थांबवलं नाही, पण एक हात सोडला नाही. भटजींचाही नाही.

नवरीचे मामा गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. ते एकेकाच्या गळ्यात पडून भेटायला लागले आणि तिसऱ्याच गळ्याशी थबकले. "वरात पिऊन आली!" झालं! मंगलाष्टकं राहिली बाजूला. नवरदेवाचा बाप शपथा घेतोय, भटजी जानवं धरून उभे, बाया पदरानं नाक दाबून. तासभर तमाशा चालला. शेवटी मामांनी संतापून मिशीला पीळ द्यायला हात उचलला आणि तो नाकाशी आला. अध्यक्षांच्याच हाताला भपकारा! सगळ्यात आधी अत्तर त्यांनाच लावलं होतं.

लग्न लागलं, पण त्या दिवसापासून भाऊंना बघितलं की लोक हात पाठीमागे घ्यायला लागले. लहान लेकरंसुद्धा. भाऊंनी लग्नांना जाणंच सोडलं. माझ्या दुकानात यायचे, पण बाटल्यांना हात लावत नसत. स्टुलावर पेटी मांडीवर घेऊन बसून राहायचे. खोटं कशाला बोलू, मला ते बघवेना.

एक दिवस पेटी उघडी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं फोन नंबर लिहिलेला दिसला. मला वाटलं, अत्तरवाल्याचा असेल.

"रंजूचा हाय," भाऊ म्हणाले. "माई पोरगी. हैदराबादले राह्यते."

भाऊंना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी खाली बघत बघत सांगितलं. रंजूची आई गेल्यावर घरात दोघंच होती. चैतात दोघं कुड्याची फुलं तोडायला रानात जायची. गुलाबाच्या अत्तरानं पोरीला शिंका यायच्या. ती हाताचा वास घेऊन म्हणायची, बाबा, माया लग्नात सगळ्यायले हेच लावजा. पुढे तिनं तिकडेच परजातीतला मुलगा पसंत केला. लग्नाला या म्हणून तीनदा फोन केला.

"मी नाई गेलो," भाऊ म्हणाले. "जातीचं घेऊन बसलो. साऱ्या गावाच्या लग्नात गेलो बाई, बलावलं तिथीच गेलो नाई."

 मी नेहमीसारखी चिडले. "मग आता फोन करायला काय होतंय?"

"रिकाम्या हातानं काय बोलू? तिनं एकच तं मांगतलं होतं."

तेव्हा मला आठवलं, माझी आई मोगऱ्याचं तेल करायची. सुपात तीळ पसरायचे, वर फुलं, वर ओलं फडकं. रोज सकाळी शिळी फुलं काढून ताजी घालायची. तीळ वास पिऊन घेतात, मग ते घाण्यावर गाळायचे. भाऊंनी ऐकून घेतलं आणि वर्षभर चैताची वाट बघितली.

या वर्षी कुडा फुलला तसे ते उजाडायच्या आत रानात जायला लागले. माझ्या मागच्या खोलीत सुपं मांडली. मी म्हणायची, देठ काढा, तेल कडू होईल. ते म्हणायचे, "देठ राहू द्या. त्याच्यातच हिरवं हाय." बारा दिवस आमची रोज भांडणं झाली. मग ते घाण्यावर गेले आणि इवलीशी बाटली घेऊन आले.

माझा हात पालथा करून त्यांनी काडी फिरवली. मी हुंगलं. आधी देठ आला, नुकता खुडलेला, चिकट, जरासा कडवट. मग त्याच्या मागून फूल. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "हिरवं आहे हो भाऊ. अगदी हिरवं."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच घाबरला. "फोन उद्या लावू."

"उद्या-बिद्या काही नाही!" म्हणून मीच नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाईल काउंटरवर ठेवला.

"हॅलो, कोण?"

भाऊंनी पेटी जवळ ओढली. पलीकडून "हॅलो? हॅलो?" चालू होतं. भाऊंनी पेटीतून काडी काढली आणि स्वतःच्या हातावर फिरवली. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला अत्तर लावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तो हात त्यांनी फोनसमोर धरला.

माझा तोल गेला. "अहो डोमाजीभाऊ, फोनातून कुठे वास जातो का!"

 पलीकडून आवाज आला, "बाबा?"

भाऊ वाकले. "हिरवं वाटते का, माय?"

 स्टँडवरून एसटीचा भोंगा वाजला.

"कुड्याचं हाय का, बाबा?"

"हाव. गुलाबाचा थेंब बी नाई."

ती रडत होती हे मलासुद्धा कळत होतं. "वाटते, बाबा," ती म्हणाली. "लय हिरवं वाटते."

भाऊंनी मान हलवली, जसं काही ती बघतच होती. हात मात्र त्यांनी फोनसमोरून काढला नाही.