मंजुरीविना मेलेलं कुत्रं

सार्वजनिक विहिरीत कुत्रं मरून पडलं, तेव्हा गावाला ते कळवणं हे धर्मराज मास्तरांचं कर्तव्यच होतं. जालन्याची एष्टी थांबायची त्या पारापाशी वार्ताफलक होता आणि त्या फळ्यावर मास्तर रोज सकाळी खडूने बातम्या लिहीत. गावाचा फळ्यावर असा भरवसा, की कुणाकडे मयत झाली तर पाहुणे आधी फळा वाचत आणि मगच रडायला जात.

पण आणीबाणी लागली होती. देशातली सगळी वर्तमानपत्रं तपासली जात असताना पारावरचा फळा तरी कसा सुटणार? प्रत्येक ओळ आधी तालुक्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यायची होती. तिथे पशुगणना बघणाऱ्या अण्णासाहेबांकडे सत्याचा जादा कार्यभार दिलेला होता.

अण्णासाहेबांनी बातमी दोनदा वाचली.

"असं कुत्रं मेल्याची आमच्याकडे नोंद नाही, मास्तर."

"साहेब, ते तरंगून राह्यलंय."

"तरंगू द्या. आमच्या गणनेत गाय, म्हैस, शेळी धरतात. कुत्रं धरत नाहीत. जे जिवंतपणी नव्हतं, ते मेलं कसं?"

मास्तरांना क्षणभर हे पटलंसुद्धा. मग त्यांनी भीतभीत पंचनाम्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. मात्र पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कुत्रं तळाशी गेलं होतं. 'विहिरीत कुत्रं नाही, पाणी आहे,' असा अहवाल गेला आणि बातमी रीतसर अफवा ठरली.

"मंग फळा कोरा ठेवतो, साहेब."

"कोरा फळा म्हणजे निषेध. निषेधाला तुरुंग आहे. काहीतरी चांगलं लिहा की. अक्षर काय सुंदर आहे तुमचं."

मजकूरही अण्णासाहेबांनीच सुचवला: 'अफवांवर विश्वास ठेवू नका.' दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो लिहिला, आणि अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

तरी त्यांना राहवेना. ते विहिरीवर जाऊन उभे राहिले. चांगुणाबाई पोहरा सोडत होती.

"बाई, हे पाणी भरू नका. आत कुत्रं मेलंय."

"फळ्यावर कुठं हाय?"

"फळ्यावर लिहू देत न्हाईत, म्हणून तोंडी सांगतो."

"सकाळीच तर तुमी लिवलं, अफवा ऐकू नका म्हनून. आता तुमचं ऐकू का तुमच्या फळ्याचं?" चांगुणाबाईने पोहरा ओढून घागरीत ओतला.

"एवढं शिकलं, पर बिलकुल वाया गेलं," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तर पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माजी सरपंच रामरावांकडे वळले. रामरावांच्या शब्दाला गावात वजन होतं. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"वास मलाबी येऊन राह्यलाय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "पण समदे भरून राह्यले. मंग वाटलं, आपलंच नाक खराब झालं असंल."

मास्तरांनी रांगेकडे पाहिलं. प्रत्येकाने नाकाला पदर नाहीतर रुमाल लावला होता, आणि मधेच कुणी घुसून आपला नंबर घेऊ नये म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून उभे होते.