दुपारच्या झोपेतला ताठ थर

आमच्या शांघायच्या प्रयोगशाळेत श्वे यीवेन या विद्यार्थिनीने डीएनएच्या थराचा ताठपणा अचूक मोजला. असे काहीही घडलेले नाही, याची नोंद घ्यावी.

जे घडले नाही ते असे. केसाहून पातळ पट्टीवर सोने चढवायचे, सोन्यावर डीएनएचे धागे दाटीने उभे करायचे. धागे एकमेकांना रेटतात, पट्टी वाकते. त्या वाकण्यावरून थराचा ताठपणा काढतात. मात्र शेजारून कुणी चालले तरी पट्टी थरथरते. म्हणून यीवेनने दुपारची झोप निवडली. जेवणानंतर आमच्याकडे दिवे मालवतात, घडीच्या खाटा उघडतात आणि विज्ञान घोरू लागते.

थर प्राध्यापक ओउयांग यांच्या सूत्रातल्या आकड्यापेक्षा दहापट ताठ निघाला.

"सर, सूत्र चुकलंय बहुतेक."

"सूत्राला माझं नाव आहे. थराला कुणाचं आहे?"

"पण आकडा रोज तोच येतोय!"

"विश्रांतीच्या वेळेत येतोय. तेव्हा आपण कामावर नसतो, म्हणजे थरही नसतो. कामाच्या वेळेत मोज. आणि शोधनिबंध छापला नाही तर पदवी विसर."

यीवेनने कामाच्या वेळेत मोजले. खुर्च्या सरकत होत्या, गरम पाण्याच्या यंत्रापाशी गर्दी होती. पट्टी हिवताप भरल्यासारखी कापत होती, आकडे वाटेल तिकडे उड्या मारत होते. त्यांतला एक सूत्रावर येऊन बसला. तोच निष्कर्ष ठरला. उरलेले बेशिस्त म्हणून वगळले.

निबंध तपासणाऱ्यांनी विचारले, हाच आकडा पुन्हा काढून दाखवाल का?

तेव्हापासून त्या दिवशीच्या गोंधळाची रोज तालीम असते. शिट्टी वाजली की मी खुर्ची ओढतो आणि आमचे वजनदार सहकारी थानदादा पट्टीशेजारी उडी मारतात.

"दादा, हळू! थराची पेज झाली!" यीवेन ओरडते.

"अगं, परवा सारण भरलेले दोन वाफाळ बाओ खाऊन उडी मारली तेव्हा जुळलं होतं. आज चार खाल्लेत, माझा काय दोष?"

सरांनी तत्काळ सूत्रात बाओंसाठी नवे अक्षर घातले. आकडा जुळला.

तपासणाऱ्यांनी कळवले, आमच्याकडे जुळत नाही. सरांनी चौकशी केली. तिथली माणसे पाय न आपटता चालतात, असे आढळले.

सबब, डीएनएचा हाच रेणू प्रत्येक वाचकाच्या अंगात आहे आणि वाचक सध्या स्वस्थ बसून वाचत आहे, त्यामुळे सूत्राचा भंग होत आहे. तरी यीवेनच्या पदवीचा विचार करून जगातील सर्व सजीवांनी कामाच्या वेळेत, दोन बाओ खाऊन, एकसमान उड्या माराव्यात (झाडांनी शक्य तितक्या), ही नम्र विनंती.