सासूबाईंची वायरलेस बेल

जी वस्तू बाजारात तयार मिळते ती घरी करायला जाऊ नये, हे मला कळतं. (वळत नाही, असं बायकोचं म्हणणं.)

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आल्या. त्यांचा आवाज मुळातच नाजूक. हाक मारली तरी पुढच्या खोलीत ऐकू यायची नाही.

"एक बेल आणा," बायको म्हणाली.

"आणायची कशाला? मी करतो की! वायरलेस!"

मी विमा कंपनीत कारकून असलो तरी रेडिओच्या चिपा जोडायचा मला भारी नाद. "ही चिप वीज अगदी कमी खाते," मी बायकोला समजावलं. "एरवी झोपलेली असते. बटण दाबलं की उठते, निरोप देते, परत झोपते."

"दाबल्यावर उठते ना? मग तुमच्यापेक्षा बरी."

पहिली चिप मी वायफायच्याच बँडमधली घेतली, २.४ गिगाहर्ट्‌झची. का, तर ती वेगवान! (सासूबाईंना एवढ्या वेगाने काय पाठवायचं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.) टेबलावर झकास चालली. पण दोन खोल्यांच्या मध्ये आमचं स्वयंपाकघर, आणि तिथे मायक्रोवेव्ह. तो नेमका त्याच बँडमध्ये गोंगाट करतो, हे मला कुठे ठाऊक?

एका दुपारी बायको दूध गरम करत होती, मी पेपर वाचत होतो, आणि आतून धाडकन आवाज आला. धावत गेलो. वॉकर आडवा पडलेला, सासूबाई पलंगाची कड धरून कशाबशा उभ्या.

"केव्हाची दाबतेय, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, बाहेर गेला असाल."

त्या पडल्या असत्या तर? बायकोने वॉकर उचलला आणि आईला पलंगावर बसवलं.

मग मी नीट वाचलं. फ्रिक्वेन्सी कमी, तशी लाट भिंतींना कमी जुमानते. दुसरी चिप आणली ती ४३३ मेगाहर्ट्‌झची. वेग बेताचा, पण चिकाटी दांडगी. दारं लावून, मायक्रोवेव्ह चालू करून पाहिलं. बेल वाजली! बायको चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी दारात शेजारच्या हेडबाई. (निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी गल्ली त्यांना टरकून असते, आणि गल्लीपेक्षा मी जास्त.)

"सकाळपासून कोणीतरी माझी बेल वाजवून पळून जातंय!"

"पोरं असतील हो," मी म्हणालो.

तेवढ्यात आत सासूबाईंनी बटण दाबलं. आमची बेल वाजली, आणि भिंतीपलीकडे हेडबाईंचीही.

हेडबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोर सापडलं."

त्यांची वायरलेस बेलही ४३३ चीच निघाली. त्यात बटणाने आपली बेल ओळखायचा कोडसुद्धा दोघांचा एकच, कारखान्यातून आला तसाच. माझा बदलायचा राहिला होता.

"दाबतंय तरी कोण, बघू द्या," म्हणत त्या तरातरा मागच्या खोलीत गेल्या. आता सासूबाईंचं काही खरं नाही, म्हणून मी दाराला कान लावला, तर आतून दोघींच्या हसण्याचा आवाज! हेडबाई घरी एकट्याच असत. इतक्यांदा बेल वाजल्यावर आज खूप माणसं आली असं वाटलं, म्हणाल्या.

कोड मी लगेच बदलला. पण हेडबाई बेल न वाजताही रोज येऊ लागल्या. सासूबाई त्यांना सोडायला आधी उंबऱ्यापर्यंत आणि मग पार त्यांच्या दारापर्यंत वॉकर घेऊन जाऊ लागल्या.

फिजिओथेरपिस्ट थक्क झाला. "आजी, इतक्या लवकर? केलंत काय?"

"मैत्रीण मिळाली," सासूबाई म्हणाल्या. "शिवाय या बेलचाही गुण आहेच."

मी खुर्चीत ताठ झालो. बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

"ती दाबली की जावईबापू धावत यायचे," सासूबाई म्हणाल्या, "आणि विचारायचे, किती जोरात दाबलंत? दिवा लागला का? परत एकदा दाबा बघू! मागितलेलं पाणी राहायचं बाजूलाच. म्हटलं, त्यापेक्षा आपलं आपण उठून घेतलेलं बरं."