देवाच्या उत्पन्नाचा दाखला

परिचारिका विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाची फी महिन्याच्या शेवटच्या तारखेला सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरणे बंधनकारक असते. पाच वाजता खिडकीची लाकडी झडप खाली येते आणि ज्याची फी आलेली नसते त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला जाते. यात कुणाचा कुणावर राग नसतो. झडप सगळ्यांसाठी सारखीच पडते.

इस्त्रीवालीच्या थोरल्या लेकीची फी आलेली नव्हती.

इस्त्रीवाली सगळे हिशेब शर्टांत करी. खोलीचं भाडं तीनशे शर्ट, धाकटीचा चष्मा ऐंशी शर्ट. थोरलीच्या पहिल्या वर्षाची फी तिने एकेक शर्ट करून भरली होती. दुसऱ्या वर्षाची झाली बाराशे शर्ट, आणि तेही पोट, भाडं नि चष्मा सोडून वरचे. महिन्याचे दिवस मात्र होते तेवढेच राहिले होते. ते थोडे वाढवून द्यावेत, असं तिने देवाला एकदोनदा सुचवून पाहिलं; उत्तर आलं नाही. "कामात असेल," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.

अशांसाठीच विद्यालयात 'अढळ श्रद्धा निर्धन विद्यार्थी साहाय्य योजना' होती. गाद्यांच्या एका मोठ्या कारखानदाराने तिच्यासाठी बँकेत ठेव ठेवली होती. गरिबांना मदत करावी असं त्यांना मनापासून वाटे. पण गरीब माणूस चांगला असेलच कशावरून, या शंकेने त्यांना स्वतःच्या गादीवरही झोप येत नसे. म्हणून त्यांनी अट घातली होती: हालअपेष्टांतही ज्याने देवावरची श्रद्धा सोडलेली नाही, त्यालाच मदत मिळावी. श्रद्धा सोडलेल्या गरिबांनी आपापलं बघावं.

थोरली अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहिली. आत मोठे बाबू होते. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि मग विचारलं, "श्रद्धा केव्हापासून?"

"लहानपणापासून."

"तारीख सांग."

"जन्मतारीखच धरा ना."

"जन्मापासून? मग जन्मदाखल्यावर नोंद हवी."

"तशी नोंद नाही हो."

"मग शाळेत गेल्यापासून लिहितो. परीक्षा लागल्या की बहुतेकांची तेव्हाच सुरू होते. मध्ये खंड?"

थोरली जरा घुटमळली. "एकदा पडला होता. बाबा गेले तेव्हा. आठ दिवस."

बाबूंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आठ दिवस चालतात, बाळ. पंधराच्या वर गेला असता तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागलं असतं. बरं, आमच्याकडे येण्यापूर्वी देवाकडे फी मागितली होतीस?"

"रोज मागते."

"लेखी?"

"तोंडी."

"म्हणजे त्याच्या नकाराचं पत्र नाही. असू दे, 'पाठपुरावा चालू' असं लिहितो. आता घरी तपासनीस येतील. श्रद्धा जागेवर आहे का ते बघतील. नेहमीसारखंच राहा, जास्तीचं काही मांडू नका. गेल्या वर्षी एका घरात एकदम चाळीस दिवे लावले होते. एवढं परवडतंय तर गरीब कसले, म्हणून अर्ज गेला."

तपासनीस तिसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांच्याकडे तीन प्रतींचं पुस्तक होतं आणि एक फूटपट्टी होती. ती कशासाठी, हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. खोली एकच. एका जुन्या दाराला चार पाय ठोकून त्याचं टेबल केलेलं, त्यावर घोंगडं, घोंगड्यावर चादर. चारी भिंतींशी कपड्यांची गाठोडी, प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या घराची चिठ्ठी टाचलेली. बसायला जागा म्हणून तपासनिसांना एका वकिलाच्या घरच्या गाठोड्यावर बसवण्यात आलं. इस्त्रीवालीचं काम चालूच होतं, आणि कामाबरोबर जे नेहमी चाले तेही:

*इस्त्री माझी तापे तापे, सुरकुती पळे दूर,*
*देवा, लेकीच्या फीसाठी किती लावू तुला सूर.*

*कॉलर केली सरळ मी, बाही केली सरळ मी,*
*तुझी वाट का रे देवा, वाकडीच ही नेहमी?*

"हे कुणाला उद्देशून?" तपासनिसांनी विचारलं.

"त्याला." तिने वर बोट दाखवलं.

तपासनिसांनी वर पाहिलं. "वर कोण राहतं?"

"वर पत्रा आहे. देवाला म्हणतेय मी."

"देवाला 'का रे' म्हणता?"

"मग घरच्या माणसाला काय अहो-जाहो करायचं?"

तपासनिसांचं पेन थांबलं. "घरचा माणूस?"

"हो तर! आमचे हे गेल्यापासून घरात कर्ता म्हणून तोच."

तपासनिसांनी 'श्रद्धा' हे पान मिटलं आणि 'कुटुंबातील कमावत्या व्यक्ती' हे पान उघडलं. थोरली चहा करत होती, ती तो तसाच टाकून आईच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

"वय?"

"बरंच असेल."

"काम?"

"सगळं तोच बघतो."

"मालमत्ता काही?"

आता, देवाबद्दल इतक्या आस्थेने विचारणारा माणूस इस्त्रीवालीला जन्मात पहिल्यांदाच भेटला होता. तिचा चेहरा उजळला. इस्त्री उभी करून ती म्हणाली, "अहो, सगळं त्याचंच तर आहे! ही जमीन त्याची. समुद्र त्याचे, डोंगर त्याचे. जमिनीच्या पोटातलं सोनंनाणं त्याचं." थोरलीने पाठीमागून तिला चिमटा काढला. "चिमटे काय काढतेस गं? खरं तेच सांगतेय. आणि वर ते तारे."

"तारे किती?"

"मोजलेत का कुणी?"

"अंदाजे लिहितो," तपासनीस म्हणाले.

आठ दिवसांनी पत्र आलं. *तपासणीअंती अर्जदाराची श्रद्धा अढळ असल्याचे आढळून आले आहे, याबद्दल अभिनंदन. तथापि कुटुंबाच्या कर्त्या व्यक्तीच्या नावे समुद्र (सर्व), डोंगर, खाणी व तारे (अंदाजे) असल्याने कौटुंबिक उत्पन्न विहित मर्यादेच्या बाहेर जात आहे. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. फेरविचार हवा असल्यास देवाच्या उत्पन्नाचा दाखला सात दिवसांत सादर करावा.*

मायलेकी खिडकीशी धावल्या.

"साहेब, देवाचा दाखला कुठून आणायचा?"

"तो राहतो तिथल्या कार्यालयातून."

"तो तर सगळीकडे राहतो."

"मग सगळ्या कार्यालयांतून. सात दिवस आहेत."

"अहो, त्याचं असेल सगळं," इस्त्रीवाली काकुळतीला आली, "पण आम्हाला त्यातलं काही मिळत नाही हो!"

बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "मला ठाऊक आहे, ताई. मलाही देत नाही. सोळा वर्षं बढती मागतोय." मग त्यांनी खाकरून घसा सरकारी केला. "एक वाट आहे. प्रतिज्ञापत्र करा. देव आणि आम्ही विभक्त राहतो, असं."

"म्हणजे देवाला सोडलं, असं लिहायचं?" थोरली म्हणाली. "मग श्रद्धेचं काय?"

"सोडलं कुठे? विभक्त. सख्खे भाऊ नाही राहत? चूल वेगळी, येणंजाणं चालू."

घरी आल्यावर थोरली म्हणाली, "मी नाही सही करणार. बाबा गेले तेव्हा सगळी माणसं पांगली आणि तो एकटा उरला. आणि आता फीसाठी त्यालाच वेगळं काढायचं?"

"अगं, कागदावर! शाळेत घालताना मी तुला कागदावर सहा महिन्यांनी मोठी केली होती. झालीस का तू मोठी?"

"त्याला वाईट वाटेल, आई."

इस्त्रीवालीने ओल्या कापडावर इस्त्री टेकली, वाफ उठली, आणि त्या वाफेकडे ती बघत राहिली. "तू नर्स झालीस," शेवटी ती म्हणाली, "की कुणाकुणाच्या उशाशी बसशील. ज्याला कुणी नाही त्याच्याही बसशील. अशा जागी तो हमखास असतो म्हणे. भेटला की सांग, आईने तसं लिहिलं होतं, पण तिच्या मनात तसं नव्हतं. समजेल त्याला. तो काही कार्यालय नाही."

थोरलीने सही केली. *आम्ही व देव गेली सहा वर्षे विभक्त राहत असून त्यांच्या समुद्र, डोंगर वा ताऱ्यांतील कोणताही हिस्सा आम्हांस मिळत नाही. परस्परसंबंध मात्र सलोख्याचे आहेत.* खाली 'दुसऱ्या पक्षाची सही' अशी जागा होती. तिथे मोठ्या बाबूंनी स्वतःच्या अधिकारात 'गैरहजर' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

अर्ज मंजूर झाला. इस्त्रीवालीने त्या दिवशी आनंदाच्या भरात एका प्राध्यापकाच्या टॉवेलांनाही इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी थोरली मंजुरीचं पत्र घेऊन फी माफ करून घ्यायला गेली, तेव्हा बाबूंनी तिला बसायला सांगितलं. खिडकीपुढे बसायला काही नव्हतं, म्हणून ती उभीच राहिली.

"मंजूर झालंय," ते म्हणाले, "फक्त पैसे नाहीत."

"म्हणजे?"

"ठेवीचं व्याज असतं मोजकं. त्यातून तपासनिसांचा प्रवासभत्ता गेला. तीन प्रतींची पुस्तकं छापली. मग ते तारे निघाले. 'अंदाजे' असं लेखापरीक्षणात चालत नाही. म्हणून ताऱ्यांचं मूल्य ठरवायला समिती नेमली, पाच जणांची. त्यांना रात्री काम, म्हणून दुप्पट भत्ता. उरले त्यात करंडक बसतोय."

"करंडक कसला?"

"सर्वोत्कृष्ट श्रद्धेचा! खुद्द कारखानदारांच्या हस्ते. शेवटच्या तारखेला दुपारी चार वाजता, सभागृहात."

"आणि फीचं काय?"

बाबूंनी हाताने मांडीपासून खांद्यापर्यंत उंची दाखवली. "करंडक मोठा आहे गं," ते म्हणाले.

शेवटच्या तारखेला सभागृहात चारशे खुर्च्या होत्या आणि चारशेही भरल्या होत्या. थोरलीला व्यासपीठावर उभं करून तिच्या कवेत करंडक देण्यात आला. तो इतका भरघोस होता, की वरून फक्त तिचे डोळे दिसत होते. कारखानदार बोलायला उभे राहिले.

"झोप आणि श्रद्धा," ते म्हणाले, "दोन्ही गाढ हव्यात. या मुलीकडे पाहा. घरात काही नाही, तरी श्रद्धा सोडली नाही. मी तर म्हणतो, अशी श्रद्धा असेल तर पैशांची गरजच काय!"

टाळ्यांनी छत दणाणलं. तेव्हा घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. इस्त्रीवाली तिसऱ्या रांगेतून उठली.

"माझं एवढंसं ऐका," ती म्हणाली. "फी बाराशे शर्टांची आहे. तुम्ही चारशे माणसं आहात. माणशी तीन शर्ट होतात. ज्याचे त्याचे तीन शर्ट मी नंतर फुकट करून देईन, कडक करून देईन. खिडकी इथून दहा पावलांवर आहे. फक्त पाचला बंद होते."

सभागृहात कुणीतरी पुटपुटलं, "काय ही माउली!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी नाकं शिंकरली. कारखानदारांनी तर दोन्ही हात वर केले.

"अशा मंगल क्षणी पैशांची भाषा नको," ते कसेबसे म्हणाले. "या लेकीला तिची फी मिळावी, म्हणून आपण सगळे मिळून प्रार्थना करू या."

चारशे माणसांनी एका वेळी हात जोडले. प्रार्थना अगदी मनापासून होती. त्यात खोट काढायला जागा नाही. अडचण एवढीच झाली, की दोन्ही हात जोडलेले असल्यामुळे एकाही माणसाला खिशापर्यंत किंवा पिशवीपर्यंत पोचता येईना. पाचला पाच मिनिटं कमी असताना मोठे बाबू उठले. हात जोडलेले तसेच ठेवून, डोळे पुसता येत नाहीत म्हणून ते तसेच वाहू देत, ते खिडकीकडे गेले. झडप ओढण्यापुरते तेवढे त्यांनी हात सोडले.

झडपेचा आवाज सभागृहात तिघांनीच ऐकला. मायलेकींनी, आणि डोळे उघडे ठेवण्याचा पगार घेणाऱ्या तपासनिसांनी. त्यांनी तीन प्रतींत नोंद केली: *सामूहिक प्रार्थनेच्या वेळी उमेदवाराने हात जोडले नाहीत. श्रद्धा डळमळीत. करंडक परत घेण्यात यावा.*

करंडक परत घेण्यात आला. जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला गेली.

"चल," आई म्हणाली, "घरी शर्टांचा ढीग पडलाय."

थोरली पायऱ्या उतरली, आणि पायऱ्या उतरता उतरता कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, "असू दे रे. तू तरी काय करशील? पुढच्या वर्षी बघू."

प्रस्तुत हकिगत त्या दिवशी सभागृहात जागा न मिळालेल्यांच्या सोयीसाठी छापण्यात येत आहे. खिडकी पुढील वर्षी पुन्हा उघडेल. फी तेव्हा चौदाशे शर्ट असेल. हे वाचून आपल्याही पोटात तुटलं असेल, याविषयी विद्यालयाच्या मनात शंका नाही. आपल्याला काही करता येणार नाही, हेही विद्यालय समजू शकतं. आपल्याही दोन्ही हातांत सध्या पुस्तक आहे.